आठोबाची उलटी प्रदक्षिणा

“डावीकडे म्हैस.”

“दिसली.”

“तिच्यामागे अजून एक.”

“तीही दिसली. तू तुझा जप कर.”

पहिली ह्यांना दिसली नव्हती आणि दुसरीही नव्हती. मी माळेचा मणी बोटात धरून ठेवला. म्हैस आमच्या आरशाला शेपटी लावून पुढे गेली, तेव्हा कुठे तो सोडला. त्या दिवसांत वाकोली ते टेंभी या नऊ किलोमीटरांत माझी एकशे आठ मण्यांची माळ कधी पुरी झाली नाही. मध्ये म्हशी यायच्या, सायकली यायच्या, दुधाच्या किटल्या यायच्या. देवाचं नाव आणि रस्त्याचं वर्णन एकाच श्वासात, एकाच आवाजात करायला मी शिकले होते. एकदा तर देवळात डोळे मिटून उभी असताना तोंडातून निघून गेलं, “समोर ट्रॅक्टर.” पुजाऱ्यांनी दचकून मागे पाहिलं.

टेंभीच्या दत्ताचं दर्शन आणि तिथल्या औदुंबराला एकवीस प्रदक्षिणा, हा माझा रोजचा नेम. थोरली लेक बाळंतपणात अडली होती तेव्हा बोललेला. सकाळची एसटी नाही, म्हणून गेली चौदा वर्षं हेच मला गाडीने नेत होते. शिवाय गुरुवारी दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. ह्यांच्या डोळ्यांचं सुरू झाल्यापासून गुरुवारी आम्ही सकाळऐवजी दुपारी निघू लागलो. का, ते आम्ही एकमेकांना कधी सांगितलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. “सर, काचबिंदू आहे. बाजूचं जवळजवळ गेलंय. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतंय. गाडी आजपासून बंद.”

ह्यांनी डॉक्टरांचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या खिशातून लायसन्स काढलं. “यावर काय लिहिलंय, वाचा. अजून चार वर्षं. सरकार म्हणतंय मला दिसतं. तुम्हाला सरकारपेक्षा जास्त कळतं?”

सरकारला ते कसं कळलं, हे मला ठाऊक होतं. लायसन्सची मुदत वाढवताना लागणारा दाखला एका दातांच्या डॉक्टरांनी दिला होता, आणि त्यांच्या दवाखान्यात हे कधी गेलेच नव्हते. मूळ लायसन्स तर त्याहून सोपं मिळालेलं. शहाऐंशी साली आरटीओचा कॅम्प वाकोलीच्या कडुलिंबाखाली भरायचा. साहेबांनी विचारलं, “नाव?” हे म्हणाले, “कुंभोजकर.” “हायस्कूलचे कुंभोजकर सर? मग तुमची काय परीक्षा घ्यायची?” आणि शिक्का बसला. ह्यांना गाडी मागे घेता येत नसे, ते कधी जमलंच नाही. गल्लीत पुढे जागा नसली की हे अख्ख्या बाजारपेठेला वळसा घालून घरी येत.

आणि हेच कुंभोजकर सर बत्तीस वर्षं हायस्कूलचे हेडमास्तर. परीक्षेच्या हॉलमध्ये हे शिरले की पोरांची बोटं आपोआप टेबलावर यायची. नुसती कुजबुज ऐकली तरी पेपर काढून घेत. तालुक्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांना ह्यांनी कॉपी करताना पकडलेलं आहे.

मी हळूच विषय काढला. मी मोठ्याने काही काढतच नाही. माझा आवाज मुळात लहान.

“मी शिकू का गाडी?”

“तू?” हे हसले. “शीक. लायसन्स आण, त्याच दिवशी चावी तुझ्या हातात. पण परीक्षा देऊन आणायचं. वशिला चालणार नाही.”

असं छातीठोक बोलायला कारण होतं. त्याच महिन्यात वाकोलीला खंडागळे नावाचे नवे इन्स्पेक्टर आले होते.

खंडागळे साहेबांनी पहिल्याच बुधवारी कडुलिंबाखालचं टेबल उचललं आणि बाजारतळाच्या मैदानावर पांढऱ्या रंगाने भलामोठा इंग्रजी आठ आखून घेतला. कडेने बांबूचे खांब, चढाचा उंचवटा, मागे घ्यायची पट्टी, तीस प्रश्नांचा पेपर आणि वर कॅमेरा. खांबाला धक्का लागला, नापास. रेघ ओलांडली, नापास. तीनदा नापास झालं, की दोन महिने तोंड दाखवायचं नाही. पहिल्या बुधवारी त्रेचाळीस जण आले आणि एक पास झाला. तो मिलिटरीतून सुट्टीवर आलेला. म्हणे रणगाडा चालवायचा.

गाव पेटलं. नगरसेवक प्रतापराव तहसीलवर मोर्चा घेऊन गेले. बोर्डावर लिहिलं होतं, ‘रस्त्यावर आठ कुठे असतो?’ मोर्चा ज्या जीपमधून निघाला, ती मागे घेताना एक पानटपरी पडली. एकटे हे खंडागळे साहेबांच्या बाजूने. ह्यांनी वर्तमानपत्राला पत्र पाठवलं, ‘परीक्षा कडकच हवी. ढिलाई म्हणजे मनुष्यवध.’ छापून आलं. कात्रण देवघराशेजारी चिकटवलं. मी रोज हळद-कुंकू वाहताना ते वाचत असे.

मला शिकवायला उबाळे होते, सुगम मोटार ट्रेनिंग स्कूलचे. तेही ह्यांचेच विद्यार्थी. शिकवणं त्यांना नवीनच होतं. पूर्वी ते फक्त फॉर्म भरत.

“काकू, उजवा गोल तुमच्याइतका सुरेख कोणी काढत नाही,” पहिल्यांदा नापास झाले तेव्हा ते म्हणाले. “पण डावा गोल आला की तुम्हाला काय होतं?”

“हात वळत नाहीत हो. रोज एकवीस प्रदक्षिणा, चौदा वर्षं. सगळ्या उजवीकडूनच.”

उबाळेंनी बोटांवर हिशेब केला आणि डोक्याला हात लावला. “लाखावर उजवे टर्न झालेत, काकू! असं करा, डाव्या गोलाच्या मध्यावर काहीतरी खूण ठेवा. तिच्याभोवती फिरायचं. आणि हे बघा, हा हँडब्रेक. हा गुरुमंत्र समजा. तोंडाने म्हणायचा नाही, नुसता ओढायचा. कुठल्याही सीटवर असा, हात पोचतो.”

रविवारी मैदान मोकळं असे. मी घरातून आमचा जुना वरवंटा नेला. एका टोकाला फुटलेला, म्हणून तो उभा राहायचा. डाव्या गोलाच्या मधोमध ठेवला. नवीन कामाला लागताना ज्याने काम करायचं त्याला मी कुंकवाचं बोट लावते. सुरीला लावते, शिवणयंत्राला लावते. वरवंट्यालाही लावलं आणि परडीतलं एक जास्वंद वाहिलं. दोन तास सराव केला. जाताना तो उचलायचा राहिला. मी आयुष्यात एवढाच हलगर्जीपणा केला असेन.

बुधवारी गेले तर वरवंट्यापुढे नारळ होता.

माझी दुसरी परीक्षा होती. उजवा गोल झाला. डाव्यात शिरले आणि समोर बघते तर उदबत्ती लावलेली. माझाच वरवंटा, माझ्याच चटणीचा. पण नारळ-उदबत्ती दिसली की माझे हात मला विचारत नाहीत. दोन्ही जोडले गेले. गाडी खांबांतून सरळ बाहेर.

“नापास,” खंडागळे साहेब म्हणाले. “आणि आजी, पुढच्या वेळी नमस्कार घरून करून या.”

त्याच दिवशी कोणीतरी एक पोरगा वरवंट्याला हात लावून गेला आणि पास झाला. गाव रात्रीतून भाविक झालं. पुढच्या बुधवारपर्यंत वरवंट्यावर शेंदूर चढला, वर पत्र्याचं छप्पर आलं, छपराला घंटा आली आणि पाटी लागली, ‘श्री आठोबा प्रसन्न’. पाठोपाठ प्रतापराव आले.

“साहेब, आठाच्या डाव्या गोलात देव डाव्या हाताला येतो. उलटी प्रदक्षिणा होते. लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे.”

“माझ्यासमोर आठाचा प्रश्न आहे,” साहेब म्हणाले. मग कागदावर बोट फिरवून त्यांनी विचार केला. “ठीक. आठ उलट्या बाजूने काढा. देव उजव्या हाताला येईल. दुसरा गोल डावीकडून होईल, तिथे देव नाही.”

हुशार माणूस. पण वाकोली त्यांना नवीन होती. पुढच्या बुधवारी दुसऱ्या गोलातही एक दगड उगवला होता. हिरवी चोळी घातलेला. पाटी होती, ‘आठाई माता’.

मी उबाळेंना बाजूला घेतलं. “अहो, आठोबा म्हणजे आमचा वरवंटा आहे.”

“हळू बोला, काकू!”

“मी हळूच बोलते.”

“अजून हळू. सत्तर जणांची लायसन्सं त्या वरवंट्यावर आहेत. आणि आठाई…” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “माझ्या दुकानाचं दार वाऱ्याने आपटायचं, त्याला लावायचा दगड होता तो.”

मी खंडागळे साहेबांनाही सांगायला गेले. दोनदा गेले. पहिल्यांदा माझा आवाज घंटेत बुडाला, दुसऱ्यांदा आरतीत. शेवटी साहेबांनी वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं, आणि उत्तर येईपर्यंत एका गोलावर भागवायचं ठरलं. फक्त आठोबाचा गोल, तोही उजवीकडून. आठाचं शून्य झालं. त्या बुधवारी अडतीस जण आले आणि अडतीस पास झाले. पेढे वाटले गेले. मग वाकोलीत एक नवीनच पद्धत पडली. नव्या लायसन्सवाल्यांना डावीकडे जायचं असलं, की ते उजवीकडे, उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडे वळून जात. गाड्यांनी बाजारपेठेचा औदुंबर करून टाकला होता.

हे रोज जेवताना संतापत. “ह्याला परीक्षा म्हणतात? पेपर फुटलाय पेपर! आणि तू जाणार पुढच्या बुधवारी त्या शून्याला?”

“तुम्हीच म्हणालात, लायसन्स आण.”

“परीक्षा देऊन, म्हणालो होतो.”

मी ताटात वाढत राहिले. खरं सांगते, मला ते शून्य चालणार होतं. मला चावी हवी होती. पाप लागलं असतं तर मी वेगळं फेडलं असतं.

तो बुधवार उजाडला. आम्ही नेहमीसारखे टेंभीला निघालो. ओढ्याच्या वळणावर माझी माळ शंभराच्या पुढे गेली होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच पुरी होणार होती. एकशे चार, एकशे पाच. मला मोह झाला. मी तीन मणी डोळे मिटून ओढले.

चाकाखाली काहीतरी करकरलं.

“ब्रेकर होता का गं?” ह्यांनी विचारलं.

मी ओरडले. चौदा वर्षांत त्या गाडीत मी पहिल्यांदा ओरडले. गाडी थांबल्यावर मागे धावले. ओढ्याच्या कठड्याला भागाबाई फुलवाली पाठ लावून उभी होती. पाटी आमच्या चाकाखाली गेली होती. शेवंती, झेंडू, तुळस, सगळं रस्त्याला चिकटलेलं. तिच्या पायाच्या नखाला तेवढं खरचटलं होतं.

“लागलं का गं, भागाबाई?”

“न्हाई लागलं. उडी मारली म्या.” तिने कठडा सोडला नव्हता. “आज बुधवार. आठोबाला फुलं न्यायची व्हती. माय, मालकान्ला दिसत न्हाई का वं?”

मी गाडीकडे पाहिलं. हे सरळ समोर बघत बसले होते, ताठ, सुपरव्हिजनला बसल्यासारखे. भागाबाईच्या हातात मी माझी पर्स रिकामी केली, तिला पाणी दिलं, आणि गाडीत येऊन बसले.

“काय होतं?”

“फुलं.”

“रस्त्यात फुलं कशी?” मग गाडी सुरू करून, “आजकाल कोणीही कुठेही काहीही ठेवतं.”

त्या दिवशी औदुंबराला मी एकवीस प्रदक्षिणा घातल्या, पण काही मागितलं नाही. काय मागायचं तेच कळेना. मी पास झाले तरी हे चावी देणार नाहीत, हे मला कळून चुकलं होतं. शून्याचं लायसन्स त्यांना मान्यच नव्हतं. आणि कुठलंही मान्य नसण्यासाठी त्यांना कारण सापडलंच असतं.

अकराला मैदानावर पोहोचलो. गर्दी दोराच्या पलीकडे उभी होती. भागाबाई दुसरीकडून उसनी फुलं घेऊन आठोबापुढे आली होती आणि वाहून आता दोराशी उभी होती. माझा नंबर लागायच्या आधीच हे खंडागळे साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

“मी कुंभोजकर. तुमच्या बाजूने पत्र लिहिणारा. हा काय प्रकार लावलाय तुम्ही?”

साहेब दमलेले दिसत होते. दोन महिन्यांत त्यांचे गाल बसले होते. “सर, मी काय करू? या गावात पूर्ण आठ काढणारा एक माणूस दाखवा. मी आत्ता दोन्ही गोल सुरू करतो.”

“मी काढतो.”

“तुम्ही?”

“शहाऐंशी सालचं लायसन्स आहे. कशी द्यायची असते परीक्षा, ते बघू दे ह्यांना.”

प्रतापराव पुढे आले. “पण सर, उलटी प्रदक्षिणा…”

“प्रताप, तू नववीत दोनदा बसलास. गप्प उभा राहा.”

प्रतापराव गप्प उभे राहिले आणि मग गर्दीकडे वळून म्हणाले, “ज्येष्ठ नागरिकांना देवाची सूट असते.” टाळ्या पडल्या.

“एक अट,” हे म्हणाले. “ही शेजारी बसेल. ही नसली की मला गाडीत करमत नाही.”

लोक हसले. खंडागळे साहेबही हसले. “बसू द्या. हरकत नाही.”

आम्ही आमच्याच गाडीत बसलो. काचा वर. हे पुटपुटले, “नेहमीसारखं. पण हळू. बाहेर ऐकू जाता कामा नये.”

मी ओठांवर बोट ठेवलं.

“म्हणजे?”

मी तसंच ठेवलं.

“मौन? आत्ता? अगं, सकाळी तर बोलत होतीस!”

मी वर आभाळाकडे बोट केलं.

“लागली वाटतं एखादी तिथी,” हे म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “तुझ्या तिथ्या कधीही लागतात. बारापर्यंत?”

मी मान हलवली. ह्यांनी समोर पाहिलं. दोरापलीकडे पाचशे माणसं होती आणि त्यातली निम्मी ह्यांच्या हाताखालून गेलेली. खाली उतरणं शक्य होतं. पण कुंभोजकर सर पेपर हातात आल्यावर हॉलबाहेर गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. ह्यांनी गाडी सुरू केली. मी माळ पदराला बांधली आणि डावा हात मांडीवर ठेवला. उजवा हँडब्रेकवर.

उजव्या गोलात शिरलो. आठाई उजवीकडून सरकत गेली. गाडी संथ होती, पायी चालणाऱ्याच्या वेगाने. डावीकडे खांब आला. माझ्या जिभेवर ‘खांब’ येऊन बसला. आयुष्यात माझ्या जिभेने इतकं कधी मागितलं नव्हतं. खांब आडवा झाला. बांबूचा आवाज फार मोठा नसतो. ह्यांनी विचारलं, “काय होतं?” मी काही बोलले नाही. दुसरा खांब. तिसरा. बाहेरचे लोक आधी हसले, मग हसायचे थांबले.

“अगं, काहीतरी सांग. नुसतं हं म्हण.”

मी मनातल्या मनात जप करत होते, आणि जपाचा एकही शब्द मला आठवत नव्हता.

डाव्या गोलात आलो. आता वळायचं होतं डावीकडे, आठोबा डाव्या हाताला ठेवून. ह्यांनी स्टिअरिंग फिरवलं, जास्तच फिरवलं. छप्पर माझ्या बाजूने मोठं होत गेलं. पाटीवरची अक्षरं मी वाचू शकत होते. ‘प्रसन्न’ मधल्या न ला कोणीतरी डोळे काढले होते. मग पत्रा वाजला, घंटा वाजली, नारळ फुटले आणि मी हँडब्रेक ओढला.

घंटा तेवढी बॉनेटवर घरंगळत होती.

ह्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले होते. मग विचारलं, “तिथे देऊळ होतं?”

मी मान हलवली.

“एवढं मोठं?”

मी मान हलवली.

“मला दिसलंच नाही गं.” मग त्यांनी काचेतून समोर, नळीतून दिसत असेल तेवढ्या जगाकडे पाहिलं. “सकाळी ती फुलं नव्हती. बाई होती ना?”

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बोलले नाही.

“आयुष्यभर पोरांना पकडलं,” हे म्हणाले, “आणि दोन वर्षं मी तुझ्या पेपरात बघून लिहितोय.”

त्यांनी चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली. पेपर गोळा करताना ठेवतात तशी. न बघता.

बाहेर तोवर लोकांना कंठ फुटला होता. “देव फोडला! सरांनी देव फोडला!” प्रतापराव पुढे, त्यांच्यामागे गर्दी. मी दार उघडून खाली उतरले. पत्रा बाजूला केला. वरवंटा गाडीखाली आडवा पडला होता. मी तो उचलला आणि पदराने पुसायला लागले. शेंदूर निघत गेला. खाली काळा दगड आला, मधोमध चाळीस वर्षांच्या चटणीने गुळगुळीत झालेला.

भागाबाई वाकून बघत होती. “आगं बया! ह्यो तर वरवंटा हाय!”

मी मान हलवली. माझ्याकडे बोट केलं.

“तुमचा?” प्रतापरावांनी विचारलं.

मी पुन्हा मान हलवली. इतके दिवस मी बोलून सांगत होते, ते कोणाला ऐकू गेलं नव्हतं. न बोलता सांगितलं, ते अख्ख्या मैदानाला कळलं. मागून कोणीतरी हसलं. मग सगळेच. उबाळे घाईघाईने उजव्या गोलात गेले आणि आठाईला चोळीसकट उचलून निघाले. “दार आपटतंय,” म्हणाले.

खंडागळे साहेबांनी खांब पुन्हा उभे करायला लावले. दोन्ही गोल. मग ते ह्यांच्यापाशी आले. आता साहेब लायसन्सचं काहीतरी बोलतील असं मला वाटलं. पण ह्यांनीच खिशातून ते काढून त्यांच्या हातात दिलं.

“कुंभोजकर. नापास,” हे म्हणाले. “रजिस्टरला लिहा.”

“सर, तुमची नोंदच नाही आजच्या यादीत.”

“मग नोंद करा आणि नापास करा.”

साहेबांनी टोपी काढली. त्यांनी खरंच तसं लिहिलं. मग यादीत पाहिलं. “पुढचा उमेदवार, अनसूया कुंभोजकर.”

मी नापास झाले. पूर्ण आठ होता. डाव्या गोलातला शेवटचा खांब माझ्या मागच्या चाकाने पाडला. तिसऱ्यांदा नापास, म्हणजे दोन महिने घरी. दोन महिने आम्ही दोघं दूधवाल्याच्या टेम्पोतून टेंभीला गेलो, किटल्यांमध्ये बसून. ह्यांच्या धोतराला रोज साय लागायची. चौथ्यांदा पास झाले, त्या बुधवारी वाकोलीत पास झालेली मी एकटीच होते. संध्याकाळी ह्यांनी माझ्या लायसन्सवर भिंग धरून अक्षर न् अक्षर वाचलं आणि म्हणाले, “शिक्का बरोबर आहे.”

पुढे वर्षभरात खंडागळे साहेबांची बदली झाली. निरोपाला आम्ही दोघं, उबाळे आणि भागाबाई, एवढेच होतो. आता आठावरची पांढरी रेघ पुसली गेली आहे, त्यावर बाजाराच्या दिवशी कांदे मांडतात. कॅम्प पुन्हा कडुलिंबाखाली भरतो. साहेब नाव विचारतात.

वरवंटा घरीच आहे. त्याच्यावर चटणी वाटते. कानाकोपऱ्यातला शेंदूर अजून निघालेला नाही, त्यामुळे चटणी जरा तांबूस होते. हे म्हणतात, प्रसाद आहे.

गेल्या महिन्यात आम्ही टेंभीला निघालो होतो. मी चालवत होते. ह्यांना आता नळीतलंही थोडंच दिसतं. ओढ्याच्या वळणाआधी हे म्हणाले, “म्हैस आली का? घुंगरू वाजलं.” आली होती. मी गाडी थांबवली. ती सावकाश रस्ता ओलांडू लागली.

“सात वर्षं एक विचारायचं राहिलंय,” हे म्हणाले. “त्या दिवशी तुझं मौन होतं, ते कसलं गं? थोरलीकडून जुनं पंचांग वाचून घेतलं मी. तिथी संध्याकाळी लागली होती. आणि मौन तर तुझं गुरुवारचं. कॅम्प बुधवारी असायचा.”

त्यांनी मान पूर्ण वळवली आणि मी बरोबर नळीत येईन अशा बेताने माझ्याकडे पाहिलं. चेहरा हेडमास्तरांचा होता. बोटं मात्र माझ्या पदराच्या टोकाशी खेळत होती.

म्हैस पलीकडे गेली. मी ओठांवर बोट ठेवलं, मग गाडी गिअरमध्ये टाकली आणि डावीकडे वळले. ह्या खेपेला मात्र खरोखरच गुरुवार होता.